नात्यांचे शब्द नोंदवताना: अहिल्यानगर जिल्ह्यातील संग्राहकांसाठी काही मार्गदर्शन

एखाद्या गावातील नातेवाचक शब्दांचा संग्रह करणे हे काम प्रथमदर्शनी अत्यंत सोपे वाटते; कारण आईच्या भावाला मामा आणि वडिलांच्या बहिणीला आत्या म्हणतात, हे जाणून घेण्यासाठी कोणालाही पाथर्डी किंवा अकोले तालुक्यात जाण्याची गरज नसते. परंतु त्याच गावातील सून आपल्या सासऱ्यांना मामा किंवा मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते, बसथांब्यावरच्या हवालदारालाही लोक मामाच म्हणतात, आणि घरातील सर्व लहानथोर ज्यांना ‘दादा’ म्हणतात ते प्रत्यक्षात कोणाचे वडील, कोणाचे चुलते तर कोणाचे आजोबा असतात, हे लक्षात आले की केवळ शब्दांची यादी घेऊन परत आलेल्या संग्राहकाजवळ फारसे काही उरत नाही. शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पासाठी, बोलीच्या अभ्यासासाठी अथवा आपल्याच घराण्याच्या माहितीसाठी असे शब्द गोळा करणाऱ्यांनी म्हणून एक क्रम कटाक्षाने पाळावा: माणूस आधी नोंदवावा आणि शब्द नंतर.

हा क्रम नवा नाही. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्लिश संशोधकाने १८९८ मधील टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत वंशावळीवरून नातेव्यवस्था उलगडण्याची रीत वापरली आणि १९१० मध्ये तिचे पद्धतशीर विवेचन प्रसिद्ध केले. या रीतीचे मर्म असे की विचारणाऱ्याने स्वतः शक्य तितके थोडे नातेवाचक शब्द वापरावेत; आई, बाप, मूल, नवरा आणि बायको या पाच शब्दांवर सर्व प्रश्न उभे करावेत आणि बाकीचे शब्द सांगणाऱ्याच्या तोंडून यावेत. ‘तुम्हाला मामा किती?’ असा प्रश्न केला, तर उत्तरात आईचे सख्खे भाऊ, तिचे चुलत व मावसभाऊ आणि कदाचित तिच्या माहेरच्या गावचे चार वृद्धही मोजले जातात, आणि त्यांतील भेद पुढे कधीच सुटा करता येत नाही. त्याऐवजी आईच्या आईबापांची नावे, त्यांची सर्व मुले थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, त्या प्रत्येकाचा विवाह, विवाहाचे गाव आणि त्यांची मुले अशी विचारणा केल्यास एकेक व्यक्ती कागदावर स्थिर होते. मग तिच्याकडे बोट दाखवून ‘यांना तुम्ही काय म्हणता?’ आणि लगेच ‘ते तुम्हाला काय म्हणतात?’ हे दोन प्रश्न करता येतात. दुसरा प्रश्न पुष्कळदा विसरला जातो, वस्तुतः तोच अधिक उपयोगी असतो, कारण नाते हे नेहमी दोन टोकांचे असते आणि एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकावरून तपासता येतो.

आकृतीसाठी पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, विवाहाला बरोबरचे चिन्ह आणि भावंडांना वरून जोडणारी आडवी रेघ एवढी खुणांची भाषा पुरेशी होते. ज्याच्यापासून नाती मोजावयाची त्या व्यक्तीला, म्हणजे केंद्रव्यक्तीला, आकृतीत काळे भरावे आणि प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्यावा. लहानपणी दगावलेली मुले, लग्न होऊन गेलेल्या मुली आणि दुसऱ्या घरी नांदायला गेलेल्या विधवा या तिन्हींची नोंद सहसा सुटते. घरातील कर्त्या पुरुषाकडून घेतलेल्या वंशावळीत तर मुलीच नसल्यासारखे चित्र दिसते. आजीकडून तीच वंशावळ पुन्हा घ्यावी. मुली कोणत्या गावी दिल्या आणि सुना कोणत्या गावाहून आणल्या, हे आजी अचूक सांगते, कारण त्या गावांशी येणेजाणे तिनेच सांभाळलेले असते.

सरावासाठी जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्याबाई होळकरांचे घराणे घेण्यासारखे आहे, कारण ती माहिती सर्वज्ञात असून कोणाच्याही खासगी गोष्टींना तिच्यामुळे धक्का लागत नाही. जामखेड तालुक्यातील चौंडीचे माणकोजी शिंदे हे वडील, मल्हारराव व गौतमाबाई हे सासूसासरे, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेलेले खंडेराव हे पती, मालेराव हा मुलगा, मुक्ताबाई ही मुलगी आणि यशवंतराव फणसे हे जावई, एवढी माणसे मांडली की आकृती सोपी दिसते. परंतु मल्हाररावांचे बालपण खानदेशातील तळोद्याला त्यांचे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले आणि त्याच मामांची मुलगी गौतमाबाई ही त्यांची पत्नी झाली, ही माहिती जोडताच भोजराज बारगळ हे मल्हाररावांचे मामा आणि सासरे असे दोन्ही ठरतात. खंडेरावांच्या दृष्टीने ते आईचे वडील आहेत आणि वडिलांचे मामाही आहेत. तुकोजी होळकर यांची गोष्ट याहून वेगळी. जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारताविषयीच्या ग्रंथात नोंदवल्याप्रमाणे तुकोजी अहिल्याबाईंना आई म्हणत, वास्तविक वयाने त्या त्यांच्याहून लहान होत्या. आकृतीत अशा नात्याला सलग रेघ काढणे चूक आहे आणि ते गाळणे त्याहून मोठी चूक आहे. म्हणून मानलेल्या नात्यासाठी तुटक रेघ वापरावी आणि शेजारी कारण लिहावे.

मामा आणि सासरा एकाच माणसात एकवटण्याचा हा प्रकार अपवादात्मक नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले आणि महाराष्ट्राला मध्य विभागात घातले. उत्तरेकडे नात्यात विवाह वर्ज्य मानतात, दक्षिणेकडे तो पसंत करतात, आणि महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये मामाची मुलगी करण्याला मान्यता असली तरी आत्याची मुलगी करण्याबाबत मात्र संकोच किंवा निषेध आढळतो, हे त्यांनी दाखवून दिले. सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणण्याची सुनेची रीत या चौकटीत पाहिली की अर्थपूर्ण वाटू लागते, कारण आत्याच्या घरी दिलेल्या मुलीची सासू ही खरोखरच तिची आत्या असते. मात्र आज असे शब्द वापरणाऱ्या बहुतेक सुनांचा सासूशी लग्नापूर्वी कोणताही संबंध नसतो. तेव्हा शब्दावरून त्या घरात नात्यातले लग्न झाले असेल असे अनुमान संग्राहकाने करू नये, ते वंशावळीवरूनच ठरवावे.

जेथे खरोखर दोन वाटांनी नाते जुळलेले असते तेथे कोणती वाट शब्दात टिकते, हा या संपूर्ण अभ्यासातील सर्वांत रोचक भाग आहे आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा. मामाच्या मुलीशी लग्न झालेला पुरुष लग्नानंतर मामांना मामाच म्हणतो, आणि मामेभाऊ आता मेहुणा झालेला असला तरी त्याला नावाने हाक मारतो. पण तिऱ्हाइताला ओळख करून देताना मात्र तो ‘हे आमचे सासरे’, ‘हा आमचा मेहुणा’ असे म्हणेल की जुने नाते सांगेल, हे घरोघरी बदलते. दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिल्या तर त्या एकमेकींच्या जावा होतात, आणि त्यांची मुले एकमेकांची चुलत भावंडे असतात तशीच मावस भावंडेही असतात. व्यवहारात कोणता शब्द मुलांच्या तोंडी येतो, आईच्या बहिणीला ते मावशी म्हणतात की काकू, याची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी. साटेलोटे, म्हणजे एका घराने मुलगी देऊन त्याच घरची मुलगी सून म्हणून आणणे, या प्रकारात तर नणंद हीच भावाची बायकोही असते आणि एका घरातील भांडण दुसऱ्या घरात त्याच दिवशी पोहोचते. अशा प्रत्येक ठिकाणी आकृतीतील दोन्ही वाटा दोन रंगांत काढून, शब्द कोणत्या वाटेचा आहे हे खुणेने दाखवावे.

यासोबत आणखी एक भेद पाळणे आवश्यक आहे. ज्या शब्दाने एखाद्याचे नाते दुसऱ्याला सांगतात तो उल्लेखाचा शब्द, आणि ज्याने प्रत्यक्ष हाक मारतात तो संबोधनाचा शब्द; मराठीत हे दोन्ही नेहमीच एक असतात असे नाही. नणंद, जाऊ, दीर, साडू, व्याही, विहीण हे शब्द जवळजवळ पूर्णपणे उल्लेखाचे आहेत. ‘अहो नणंद’ अशी हाक कोणी मारत नाही; ती वन्सं, ताई किंवा आक्का होते, धाकटा दीर भावोजी होतो, आणि बहिणीचा नवरा नगरकडच्या अनेक घरांत दाजी होतो, तर व्याही समोर आले की पाव्हणे होतात. म्हणून नोंदवहीत प्रत्येक क्रमांकापुढे दोन रकाने असावेत, आणि घरातील लोकांनी एखाद्याला ठेवलेले आबा, तात्या, अण्णा, नाना, आप्पा, माई, जिजी यांसारखे हाकेचे नाव हे नाते नव्हे तर घरगुती बिरूद आहे, हे ध्यानात घेऊन त्यासाठी तिसरा रकाना ठेवावा. पतीचे नाव न घेण्याची चाल वृद्ध स्त्रियांत अजून आढळते, तेथे आग्रह धरू नये. नातवाला विचारले की तो आजोबांचे पूर्ण नाव आनंदाने सांगतो.

सांगणारा पुरुष आहे की स्त्री, हेही प्रत्येक नोंदीवर लिहावे, कारण मराठीतील काही शब्द बोलणाऱ्याच्या लिंगानुसार दिशा बदलतात. पुरुषाच्या भावाची मुले पुतण्या-पुतणी आणि बहिणीची मुले भाचा-भाची. पण स्त्रीच्या भावाची मुले तिची भाचरे असतात आणि पुतण्या-पुतणी ही तिच्या दिराची मुले असतात. स्त्रीच्या बहिणीच्या मुलांना काय म्हणावे याबाबत एकवाक्यता नाही, काही घरांत त्यांनाही भाचाच म्हणतात, तर काही स्त्रिया शब्द टाळून ‘बहिणीचा मुलगा’ एवढेच सांगतात. कोशात पाहून ही जागा भरण्याचा मोह होतो, आणि मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश जवळ असावा हे खरेच, परंतु त्यांचा उपयोग प्रश्न सुचण्यासाठी करावा, उत्तर लिहिण्यासाठी करू नये.

जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असून त्यात १४ तालुके आहेत, तेव्हा ‘नगरी बोलीतील नातेवाचक शब्द’ असे एकच शीर्षक देणे धाडसाचे ठरते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी आणि ठाकर, पाथर्डीकडे वंजारी, सर्वदूर मराठा, माळी आणि धनगर, शिवाय भिल्ल आणि पारधी वस्त्या अशी येथील वस्ती आहे. पारध्यांची घरातील भाषा गुजरातीशी जवळीक असलेली, कैकाड्यांची तमिळशी आणि वडारांची तेलुगूशी नाते सांगणारी आहे. या घरांत पाहुण्याशी मराठीत बोलताना मराठी शब्द वापरले जातात आणि घरची माणसे चुलीपाशी परतताच दुसरे शब्द सुरू होतात. दक्षिणेकडील अनेक समाजांत थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी आहे, ती येथे असेल किंवा नसेल असे काहीही गृहीत न धरता दोन्ही भाषांतील शब्द शेजारी लिहावेत. वेळेचेही भान ठेवावे: दसऱ्यानंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यामुळे हिवाळ्यात त्या वाड्या-वस्त्यांवर केवळ म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात. या टोळ्यांत नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ असे नाव आहे, आणि मुकादमाच्या हिशेबात उचल त्या जोडीवर लिहिली जाते. विवाहसंबंध हा मजुरीचे एकक बनल्याचे इतके उघड उदाहरण शब्दसंग्रहातून वगळू नये.

व्यक्ती-व्यक्तीतील शब्दांइतकेच गटवाचक शब्दही महत्त्वाचे असतात. भावकी किंवा भाऊबंद म्हणजे एका मूळ पुरुषापासून पुरुषांच्या परंपरेने आलेली घराणी, ज्यांच्यात परस्पर विवाह होत नाही, सुतक पाळले जाते आणि बांधावरून भांडणेही होतात. सोयरे म्हणजे विवाहाने जोडलेली घराणी. ही विभागणी मराठी समाजापुरती नाही. नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो भाषेत भावकीसारख्या पितृवंशीय गटाला उमुन्ना म्हणतात, सोयऱ्यांना ओगो, आणि त्या गटात जन्मून बाहेर लग्न झालेल्या लेकींचा उमुआडा नावाचा स्वतंत्र गट असतो, जो माहेरच्या अंत्यविधीला एकत्र येतो व तेथील तंट्यांत अधिकाराने बोलतो. मराठीत माहेरवाशीण हा शब्द आहे, पण तो एकेका लेकीविषयी आहे; भावकीतील सर्व लेकींचा मिळून अधिकार सांगणारा गटवाचक शब्द रूढ नाही, आणि हा फरक शब्दसंग्रहात दिसला पाहिजे. जेथे शब्द नाही तेथेही रकाना रिकामा ठेवून ‘शब्द आढळला नाही’ असे लिहावे, ते याचसाठी.

गटवाचक शब्दांचे वजन किती असू शकते हे अलीकडे राज्याने पाहिले आहे. कुणबी प्रमाणपत्रांच्या संदर्भात राज्य शासनाने २६ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या मसुदा अधिसूचनेत ‘सगेसोयरे’ या बोलीतील जोडशब्दाला व्याख्या देण्याचा प्रयत्न झाला आणि वडील, आजोबा, पणजोबा व त्यांपूर्वीच्या पिढ्यांतील सजातीय विवाहांतून जुळलेल्या नात्यांचा त्यात उल्लेख झाला. तेव्हापासून वंशावळ हा शब्द उच्चारताच गावात कान टवकारले जातात. संग्राहकाने म्हणून पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगावे की त्याचा कागद कोणत्याही दाखल्यासाठी किंवा वारस नोंदीसाठी उपयोगाचा नाही, आणि तो तसा दिलाही जाणार नाही.

लेखी साधनांचा आधार घ्यावा, पण त्यांची दृष्टी ओळखून. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या बाडांत येऊन गेलेल्या यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. सातबारा आणि फेरफार यांत मृत खातेदाराचे वारस नात्यासह सापडतात, तसेच ए.कु.पु. म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी संक्षिप्त रूपेही आढळतात, ज्यांवरून चुलत्याकडे वाढलेली पोरकी मुले ओळखता येतात. परंतु जुन्या नोंदींत बहिणींची नावे पुष्कळदा ‘इतर हक्क’ या सदरात ढकललेली असतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिल्यानंतरही हक्कसोड पत्रे लिहून घेतली जातात, म्हणून बहिणीविषयी भावाला विचारताना आवाजात पडलेला बदल कशामुळे आहे हे संग्राहकाला कळावे, आणि तेथे त्याने पुढचा प्रश्न न विचारता विषय बदलावा. सवत आणि सावत्र या शब्दांनाही हेच लागू आहे.

नात्याचा शब्द समजण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे त्या नात्याने करावयाचे काम विचारणे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या, जावळ काढताना मूल ज्याच्या मांडीवर बसते तो मामा, लग्नात अंतरपाटाच्या वेळी वधूवरांच्या पाठीशी उभे राहतात ते त्यांचे मामा, वराची बहीण ती करवली, नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण, सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायला जातो तो मुऱ्हाळी, आणि अधिक महिन्यात अनारशांच्या वाणाचा मानकरी तो जावई. सख्खा मामा नसेल तर मांडीवर कोण घेतो, हा प्रश्न केला की चुलत, मावस आणि मानलेले मामा कोणत्या क्रमाने पुढे येतात ते आपोआप कळते, आणि ‘सख्खे’ व ‘मानलेले’ यांतील अंतर त्या घरात किती आहे याचाही अंदाज येतो. गावाच्या नात्याने, म्हणजे जात वेगळी असूनही शेजारपणातून एकमेकांना काका-मावशी म्हणणाऱ्या घरांतही हाच प्रश्न विचारावा. तेथे हाक आहे पण काम नाही, असे बहुधा आढळते, आणि क्वचित कामही असते.

लिहिताना उच्चार सुधारू नये. मेहुणा आणि मेव्हणा, भावजय आणि भावजई, वहिनी आणि वयनी यांपैकी जे ऐकू आले तेच लिहावे. मम्मी, पप्पा, अंकल, दीदी आणि जिजू हे शब्दही मिळतील, त्यांना परके म्हणून वगळण्याचे कारण नाही, कोणत्या वयाची माणसे ते वापरतात एवढे मात्र लिहावे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात नातेवाचक शब्दांचाही समावेश असून ते नकाशावर पाहता येतात. आपल्या तालुक्यातील शब्द त्यांच्याशी ताडून पाहावेत, आणि तफावत आढळल्यास आपली नोंद खोडण्यापूर्वी त्याच वस्तीतील दुसऱ्या वयाच्या व दुसऱ्या घरच्या व्यक्तीला पुन्हा विचारावे. मूळ नावांची वही वेगळी कुलूपबंद ठेवून अभ्यासाच्या प्रतीत केवळ क्रमांक, वय, लिंग, समाज आणि गाव यांचाच उल्लेख करावा, आणि ज्या घरातून वंशावळ मिळाली त्या घराला तिची स्वच्छ प्रत, लेकींच्या नावांसह, नेऊन द्यावी.